चालती भिंत, सरकतं मैदान

आळंदीत भिंत चालली. चांगदेव वाघावर बसून आला, हातात सापाचा चाबूक. इकडून चार भावंडं भिंतीवर बसली आणि भिंत निघाली त्याला सामोरी. ती भिंत आजही आळंदीत दाखवतात. लोक कपाळ टेकतात. लहानपणी आजीचं बोट धरून मीही बघितली होती. मला एकच प्रश्न पडला होता, भिंतीला चाकं होती का? आजी म्हणाली, गप ऱ्हा, लोक ऐकतील.

गेल्या महिन्यात तोच प्रश्न भाच्यानं मला विचारला. भिंतीबद्दल नाही, मैदानाबद्दल.

माझी ताई चऱ्होली बुद्रुकच्या बाजूला राहते. आळंदी जवळ, पण हद्द पिंपरी-चिंचवड महापालिकेची. दाजी चाकणला कंत्राटावर. पत्र्याची खोली, आठ बिऱ्हाडं, एक नळ. मी मुंबईच्या गोदीतून सुट्टीचा तिकडं जातो, आंघोळ करतो, जेवतो, झोपतो. त्या दिवशी भाचा मोबाईल घेऊन उशाशी बसला. माद्रिदचं सान्तियागो बेर्नाबेउ स्टेडियम. हिरवंगार मैदान, आणि बघता बघता त्याच्या सहा लांबलचक पट्ट्या झाल्या. एकेक पट्टी बाजूला सरकली आणि खाली जमिनीत उतरली, बोटीच्या पोटात माल उतरावा तशी. वरचं छप्पर बंद झालं. मैदान गायब.

"मामा, हे खरंय का काम्प्युटरवर केलंय?"

"खरंय."

"मग ह्याला चाकं हायत का?"

शेजारच्या खोलीतले माळकरी बाबा दारातून म्हणाले, "त्यात काय नवल बाळा, आमच्या माऊलीनं सातशे वर्षांपूर्वी भिंत चालवली."

बाबा माणूस चांगला. भांडण नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही, आणि म्हणून हा लेख.

दोस्तांनो, मी मॅट्रिक माणूस. इंजिनिअरिंग मला शिकवू नका, मीही तुम्हाला शिकवत नाही. पण वजन मला कळतं. वजन हाच माझा धंदा. पत्र्याची एक कॉईल वीस टनांची असली तर ती स्लिंगमध्ये नीट बसेपर्यंत सगळी गँग श्वास धरून उभी असते. खाली कोण आहे, वायर कुठं घासतेय, क्रेनवाला झोपेत तर नाही ना. वीस टनाला ही तऱ्हा. जर्मनीत गेल्सेनकिर्शेन नावाचं गाव आहे, तिथं शाल्क क्लबचं स्टेडियम २००१ साली उघडलं. त्याचं मैदान अकरा हजार टनांचं. म्हणजे वीस टनी साडेपाचशे कॉईली एका ताटात ठेवल्या, वर माती टाकली, गवत लावलं आणि ते अख्खं ताट गॅलरीच्या खालून बाहेर ढकललं. चारेक तास लागतात. वर कापडाचं छप्पर, तेही उघडतं, मिटतं. त्याच्याआधी १९९८ साली हॉलंडच्या आर्नहेममध्ये असंच झालं. जपानात साप्पोरोला तर ८,३०० टनांचं मैदान खालून हवा दाबून हलकं करतात आणि मग चाकांवर चालवतात. अमेरिकेत ग्लेनडेलला २००६ पासून गवताचा ट्रे रुळांवरून उन्हात जातो. तेव्हा बाबा, आहेत. चाकं आहेत. चाकं, रूळ, तेल, वीज आणि रात्रपाळीचा माणूस.

आता हे सगळं कशासाठी? हे वाचल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसलो. गवतासाठी. उंच गॅलऱ्या आणि वर छप्पर, त्यामुळे गवताला ऊन मिळत नाही, वारा मिळत नाही, गवत पिवळं पडतं, मुळं कुजतात. त्यात आठवड्याला एखादी गाण्याची मैफल, ट्रक, स्टेज, हजारो बूट. म्हणून कुणीतरी म्हणालं, छप्पर नको काढायला, गवतालाच उन्हात नेऊ. बेर्नाबेउला तर गवत बाहेर नेत नाहीत, जमिनीखाली ठेवतात. तिथं त्याला दिवे लावतात, पाणी देतात, हवा खेळवतात. हिरवळीची अशी बडदास्त. आणि आमच्या आठ बिऱ्हाडांच्या पत्र्याला एक खिडकी पाडा म्हणून चार वर्षं सांगतोय, मालक म्हणतो भिंत कमजोर होईल.

पण मी तोंड वाकडं करून बोलतोय असं समजू नका. मला त्या यंत्राचा राग नाही आला. हेवा वाटला. आपल्यातले काही मित्र लगेच म्हणतात, हे सगळं भांडवलदारांचं खेळणं, आपल्याला काय करायचंय. मी त्यांच्या बाजूचा नाही. बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते. काँग्रेस आणि गांधींवरच्या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी स्वच्छ मांडलंय की माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायचं तर यंत्र पाहिजे, यंत्रानं फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला संस्कृती नाही. मी हुकानं पोती ओढणाऱ्यांच्या घरातला आहे. माझ्या आज्याच्या खांद्यावर जी गाठ होती ती मी हात लावून बघितलीय. क्रेन आली तेव्हा ती गाठ गेली. नोकऱ्याही गेल्या, ते वेगळं भांडण आहे आणि तेही करूच. पण गाठीसाठी रडणारा मी नाही. अकरा हजार टन माणसाच्या खांद्याशिवाय हलत असतील तर तो माझ्या लेखी चमत्कार आहे, आणि चमत्काराचं श्रेय कुठल्या देवाला द्यावं लागत नाही ही त्याची अधिक चांगली बाजू.

शाल्कबद्दल आणखी थोडं सांगतो, कारण तो क्लब आपल्यासारख्यांचा. १९०४ चा. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्यांच्या वस्तीतल्या पोरांनी काढलेला. आजही त्यांना खाणवाले म्हणूनच हाक मारतात. स्टेडियममध्ये खेळाडू ज्या बोळातून मैदानात येतात तो बोळ खाणीतल्या भुयारासारखा केलाय. खाणी आता उरल्या नाहीत. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ साली मिटली, तीही तिथून जवळच, बोट्रोपला. खाण गेली, भुयाराची नक्कल उरली. छप्पर सरकतं, मैदान सरकतं आणि २०२१ ला आणि परत २०२३ ला क्लबही खालच्या विभागात सरकला! पण एक गोष्ट तिथं झाली. खाणीतल्या माणसाचा खेळ त्याच्या नावावर राहिला. भुयाराची का असेना, खूण ठेवली.

आपल्याकडं खुणा कशा पुसतात बघा.

पळवणकर बाळू. १८७६ चा जन्म, जातीनं चांभार. पोरगा पुण्यात एका पारशी क्लबात लागला. काम काय, तर खेळपट्टी झाडायची आणि रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात. तिथं गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकून टाकून हा माणूस हिंदुस्थानातला पहिला मोठा बॉलर झाला. बॅट कुणी हातात दिली नाही. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्याला संघात घेतलं. मैदानावर त्यानं टाकलेला चेंडू बामणानं हातात धरला, विटाळ नाही झाला. चहाच्या वेळेला मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. बाकीचे आत, चिनीमातीच्या कपात. १९११ साली विलायतेच्या दौऱ्यात त्यानं ११४ विकेटा काढल्या. हिंदूंचा कप्तान त्याला कधी केलं नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला केलं, तेही १९२३ उजाडल्यावर. आपल्यातले काही म्हणतील, तो १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभा होता. होता. पडला. तो हिशोब मतदारांनी तेव्हाच मिटवला. माझा मुद्दा वेगळा आहे. गवत राखणारा माणूस आपला. गवतावर रूळ फिरवणारा आपला. पॅव्हेलियनच्या छपराखाली मात्र त्याला जागा नव्हती. आज माद्रिदला ते गवत सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत नेतात, आणि मी विचार करतो, बाळूला कुणी उन्हातून सावलीत नेलं नाही.

आता भिंतीकडं येतो. बाबांनी भिंत काढली म्हणून येतो, नाहीतर मला हौस नव्हती.

एक भिंत आळंदीची. ती चालली. दुसरी भिंत मंगळवेढ्याची. ती पडली. १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला महार वेठीला धरले, त्यात चोखोबा होता. कूस कोसळलं, माणसं खाली गाडली गेली. चोखोबाही गेला. हाडं शोधायला नामदेव आले, आणि ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोख्याची, अशी गोष्ट सांगतात. ती हाडं पंढरपुरात देवळाच्या पायरीशी पुरली. आत नाही, पायरीशी. आत जायला आपल्या लोकांना १९४७ उजाडावं लागलं, त्यासाठीही साने गुरुजींना उपास करावा लागला. बाबासाहेबांनी १९४८ चं अस्पृश्यांवरचं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं ते काही देवभोळेपणानं नाही. आणि याच पट्ट्यात, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ ला त्यांनी बुद्धाची मूर्ती बसवली. आळंदी, देहू आणि देहूरोड. नदी एकच, इंद्रायणी. त्या नदीला आता आळंदीच्या घाटावर पांढरा फेस येतो, गुडघ्याएवढा, कापसासारखा. वारकरी त्यातच बुडी मारतात. माद्रिदला शेजाऱ्यांनी गाण्यांच्या आवाजाची तक्रार केली तर २०२४ साली स्टेडियमनं मैफली थांबवल्या. शेजारी कोण होते? माद्रिदमधले सुखवस्तू लोक. नदीकाठचे आम्ही नाही.

रिंगण मात्र मला आवडतं, हे कबूल करून टाकतो. चांदोबाच्या लिंबाला पालखी थांबते, माणसं उभी राहतात, मध्ये वाट, घोडा सुटतो. ना गॅलरी, ना छप्पर, ना तिकीट. माणसांनीच केलेलं मैदान. तासाभरात होतं आणि तासाभरात उठून पुढं जातं. सरकतं मैदान म्हणायचं तर हेच. शेत ज्याचं असेल त्याचं असो, त्या दिवशी तिथं कुणी कंपाउंड घालत नाही.

आता खरं दुखणं. भाच्यानं विचारलं, आपल्याकडं असलं सरकतं मैदान होईल का मामा? मी म्हटलं, येड्या, आपल्याकडं आहेच. पन्नास वर्षांपासून आहे.

ते असं. शहराचा विकास आराखडा होतो. नकाशावर खेळाच्या मैदानासाठी जागा राखून ठेवतात. त्या राखीव जागेला सरकारी भाषेत काय म्हणतात? आरक्षण. तोच शब्द. ज्याच्यावरून कॉलेजात, हॉस्टेलात, ऑफिसात आपल्याला बोलणी बसतात तोच. फरक एवढाच की मैदानाचं आरक्षण सरकतं. १९६६ चा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा काढून बघा, लायब्ररीत मिळतो. कलम ३७ म्हणतं, आराखड्यात फेरबदल करता येतो. कलम १२७ म्हणतं, जाहीर झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरही ठरल्या मुदतीत सरकारनं हालचाल केली नाही तर आरक्षण व्यपगत. व्यपगत! काय शब्द आहे. मेलं असं म्हणायचं नाही. आता मला सांगा, दहा वर्षं जागा न घेणं याला कुठलं यंत्र लागतं? ना चाकं, ना रूळ, ना अकरा हजार टन उचलायची क्रेन. नुसती फाईल टेबलावर पडू द्यायची. जर्मनीतलं मैदान चार तासांत बाहेर जातं आणि परत आत येतं. आपलं दहा वर्षांत जातं आणि परत येत नाही.

हिशोब करून बघा. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. ७,१४० चौरस मीटर. आपल्या मापात सत्तर गुंठे, पावणेदोन एकर. आळंदी, चऱ्होली, मोशीच्या रस्त्यानं चालत जा, दर दहा पावलांवर बोर्ड, गुंठेवारी, एक गुंठा, दोन गुंठे, हप्त्यावर. एक मैदान म्हणजे सत्तर बोर्ड. मग मैदान कोण ठेवील? मी त्या एका गुंठ्यासाठी कर्ज काढणाऱ्या माणसाला दोष देत नाही. उद्या दाजींनाही घ्यायचाय. पण सत्तर गुंठे पोरांचे, हे कुणीतरी मोठ्यानं बोललं पाहिजे. बोललं तर आरक्षण हलतं, हे आपण बघितलंय. २०२५ च्या प्रारूप आराखड्यात मोशीला कत्तलखान्याचं आरक्षण दाखवलं होतं. वारकऱ्यांनी विरोध केला आणि जूनमध्ये, पालखीच्या तोंडावर, मुख्यमंत्र्यांनी ते रद्द करायला सांगितलं. काही दिवसांत! ते बरोबर की चूक यात मी आत्ता शिरत नाही, तो वेगळा लेख होईल आणि संपादक घाबरतील. मी एवढंच बघितलं की फाईलला पाय फुटतात. जिथं मागं माणसं उभी असतात तिथं फुटतात.

मोठी स्टेडियमं नाहीत का? आहेत की. बालेवाडीचं १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलं. गहुंज्याचं क्रिकेटचं २०१२ साली सुरू झालं, एक्स्प्रेस-वेच्या कडेला, चालत जाणाऱ्या माणसाचा विचारच नाही. बालेवाडीत एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ खेळली. मग बंद. जागा हैदराबादला गेली. त्याआधी पुणे एफसी होती, भारत एफसी होती, ती तर एका हंगामात आटोपली. तिकडं मुंबईत महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम, २०१० ला मालकांनी मिटवली. गिरण्यांच्या टीमा होत्या, बँकांच्या होत्या, आमच्या पोर्ट ट्रस्टची होती, मुंबईच्या लीगमध्ये खेळायची. कामगाराला खेळाच्या जोरावर नोकरी लागायची. कायम नोकरी असेल तर कायम टीम. आता चाकणला दाजीसारखे कंत्राटी. अकरा महिन्यांच्या माणसाची टीम कशी होणार? अर्धा हंगाम झाला की लेफ्ट विंगला ब्रेक!

आणि नेहरूनगरचं अण्णासाहेब मगर स्टेडियम. त्याची एक आठवण प्रत्येकाला आहे. २०२० साली तिथं जम्बो कोविड सेंटर उभं केलं. सुमारे ८०० खाटा. मैदानावर मांडव, आत ऑक्सिजनच्या नळ्या. आमच्या चाळीतली एक बाई तिथून परत आली, एक नाही आली. कामगारांच्या ह्या गावातल्या स्टेडियमवर अख्खं छप्पर चढलं ते तेव्हाच. ते करायला पाहिजे होतं, केलं, त्याबद्दल शब्द नाही. पण काही आठवड्यांत मैदानावर छप्पर, वीज, पाणी, हवा सगळं आणता येतं हे त्या वर्षी आम्ही डोळ्यांनी बघितलं. तेव्हा आता पैसे नाहीत, तंत्र नाही असं आम्हाला कुणी सांगू नये.

कतारचं एका वाक्यात सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातलं. २०२२ च्या वर्ल्डकपला तिथं ९७४ कंटेनरचं एक स्टेडियम रचलं. आमचे रोजचे कंटेनर. आणखी एक तंबूच्या आकाराचं, अल बैत, त्याचं छप्पर सरकतं. बांधायला माणसं नेपाळची, बांगलादेशची, आपल्याकडची. त्यात किती मेली यावर अजून वाद चालू आहे. गवताची उंची तिथं मिलिमीटरमध्ये मोजत होते.

मग मागायचं काय? चऱ्होलीला सरकतं छप्पर द्या असं मी म्हणत नाही. म्हटलं तर हसाल. नागपूरला विजय बारसे नावाच्या मास्तरांनी २००१ साली पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं बघितली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळेनं त्यावर २०२२ ला 'झुंड' काढला. त्यात वस्ती आणि कॉलेजच्या मध्ये एक भिंत आहे. पोरं ती ओलांडतात. तिसरी भिंत. ही चालत नाही, पडत नाही, हिच्यावरून उडी मारावी लागते.

काहींना वाटेल, अत्याचार चालू आहेत, भरती बंद आहे, शिष्यवृत्त्या अडकल्यात आणि हा मैदान घेऊन बसलाय. मित्रांनो, १९२३ साली बोले यांचा ठराव कौन्सिलात झाला. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, सरकारी जागा अस्पृश्यांना मोकळ्या. कागदावर मोकळ्या. चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडला जाऊन ओंजळ भरावी लागली तेव्हा तो कागद ओला झाला. नकाशावर हिरव्या रंगात रंगवलेला मैदानाचा तुकडा हाही तसाच कागद आहे. सार्वजनिक जागा आपण वापरल्याशिवाय सार्वजनिक होत नाही. आणि संध्याकाळचे दोन तास धावता येणं, घामानं भिजून घरी येणं, चिडून मारामारी न करता चेंडू मारणं, ही चैन आहे असं मला कुणी सांगितलं तर त्याला मी माझ्या एका पाळीला माझ्याबरोबर उभं करीन.

ताईच्या खोल्यांमागं पोरं जिथं खेळायची तिथं दिवाळीनंतर निळे पत्रे ठोकले. कुणी ठोकले ते विचारलं तर बिल्डरचा माणूस म्हणतो मालकाला विचारा, मालक म्हणतो पालिकेला विचारा. चेंडू आत गेला की भाचा पत्र्याखालून सरपटत जातो. पाठीवर ओरखडे आहेत. मी पालिकेच्या वेबसाइटवरचा नकाशा उघडला, सर्व्हे नंबर तलाठ्याकडून घेतला, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे की होतं, कधी पडलं, कधी उठलं, कुणाच्या सहीनं उठलं, चारच प्रश्न. तीस दिवसांची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते.

तोवर जागा मोजून ठेवायची आहे. गोदीतली शंभर फुटी फीत माझ्याकडं आहे, चुन्याची फक्की दाजी आणणार. माळकरी बाबा म्हणालेत, मीही येतो, फितीचं एक टोक धरायला कुणीतरी पाहिजेच ना. रविवारी सकाळी साडेसातला, पत्र्यांपाशी. बूट घालून या, आत काचा आहेत.